सिद्धवटाखालची वही

उज्जयिनीच्या उत्तरेस शिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. कालभैरवाचे देऊळ, छिप्यांनी छापलेले रंगीत कापड आणि मध्यवर्ती कारागृह या तीन गोष्टींमुळे तिचे नाव माळव्याबाहेर पोचले. यांपैकी कालभैरव मराठी माणसाला परका नाही. पानिपतच्या संहारानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी या देवापुढे ठेवून नवस केला आणि पुढे देवळाचा जीर्णोद्धार केला, असे तेथली परंपरा सांगते. परंतु मराठी घराण्यांचा या स्थळाशी असलेला लेखी संबंध पाहावयाचा असेल, तर देवळातून निघून जवळच असलेल्या सिद्धवटाखाली गेले पाहिजे.

प्रयागच्या अक्षयवटाच्या पंक्तीला बसणारा हा वटवृक्ष. पितरांच्या कार्यासाठी लोक येथे येतात, वटाच्या मुळाशी दूध घालतात, घाटावर पिंडदान करतात. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीला आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे देऊळ नव्याने उभारले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक, सावकार अशी मराठी कुटुंबे माळव्यात उतरली. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली. तरी उज्जयिनीतील घरे मोडली नाहीत आणि श्राद्धाची वाटही मोडली नाही. या वाटेवर जो कोणी आला, त्याचे नाव तीर्थपुरोहिताच्या वहीत चढले.

ही वही म्हणजे लांबट, जाड, कापडी वेष्टणात बांधलेली चोपडी. यात्रेकरू समोर येऊन बसला, की पुरोहित प्रथम त्याचे नाव विचारीत नाही; मूळ गाव विचारतो, मग जात आणि कुळ. तेवढ्यावरून नेमकी वही निघते आणि पाने उलटता उलटता आज्याचे, पणज्याचे हस्ताक्षर समोर येते. जुन्या मराठी यात्रेकरूंची अक्षरे मोडीत असावयाची. आज नातवाला ती वाचता येत नाहीत, पुरोहित सांगतो म्हणून तो मान डोलावतो. नंतर तो स्वतः लिहितो: आपले नाव, बापाचे, आज्याचे, भावांची नावे, मुलांची नावे, कोणाच्या कार्यासाठी आलो, तिथी आणि सही. मुलींची नावे पुष्कळ वेळा राहून जात. त्या कोणत्या तरी दुसऱ्या वहीत, दुसऱ्या कुळाच्या पानावर सून म्हणून उमटावयाच्या.

या वहीने घराण्याला दिले काय, हे आधी पाहिले पाहिजे. शेकडो कोस चालून आलेल्या माणसाला अनोळखी गावात एक ओळखीचे दार मिळाले. उतरण्याची सोय झाली, विधीचे साहित्य जमले, प्रसंगी दक्षिणा उधार राहिली. वंशावळ पाठ ठेवण्याचा भार हलका झाला. पुढे इंग्रजी अंमलात वारसाहक्काचे दावे लढले जाऊ लागले तेव्हा अशा वह्या न्यायालयात पुराव्यादाखल येऊ लागल्या. 1872 च्या पुरावा कायद्यात नात्यागोत्याविषयीच्या जुन्या लेखांना जागा होतीच. अमका अमक्याचा दत्तक की औरस, हे गावातल्या साक्षीदारांपेक्षा एखादे वेळी तीर्थावरची ओळ अधिक निश्चितपणे सांगे.

आणि घराण्याने दिले काय? सर्व काही दिले. कोण निपुत्रिक वारला, कोणी दुसरी बायको केली, कोणता भाऊ घर सोडून कोणत्या शहरी राहिला, हे सारे एका परक्या माणसाच्या कपाटात जाऊन बसले. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की लिहिणारा एकटाच असे. थोरला भाऊ यात्रेला आला आणि त्याने पाच भावांची, त्यांच्या बायकामुलांची नावे लिहून दिली. त्या पाचांना कोणी विचारले नव्हते. घराच्या खाजगीपणाचा सौदा घरातला एकजण आपल्या सोयीसाठी करून मोकळा झाला, आणि बाकीच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

वाटले नाही, याला कारणे होती. वही एकच होती आणि तिची नक्कल करणे कष्टाचे होते. ती भैरवगढात होती. ती पाहावयाची तर तेथे जावे लागे. तिची रचना कुळावर आणि गावावर होती, त्यामुळे कुळ-गाव ठाऊक नसलेल्या चोराला ती हाती लागूनही फारसा उपयोग नव्हता. शिवाय पुरोहिताची उपजीविका त्याच कुळांच्या येण्यावर चाले. भलत्यापुढे पान उघडले असे एकदा कानोकानी झाले, तर पुढल्या पिढीने दुसरा उपाध्या धरला असता. बंधन कायद्याचे नव्हते, पोटाचे होते. आणि पोटाचे बंधन बहुधा कायद्याहून बळकट असते.

तथापि हे चित्र फार सोज्वळ करण्याचेही कारण नाही. यजमानांची वही ही उपाध्यायाची मिळकत होती. ती भावांत वाटली जाई, गहाण पडे, विकली जाई. यजमान कोणाचा, यावरून तीर्थोतीर्थी भांडणे झाली आणि उपाध्येपणाचे तंटे पेशवे-दरबारापर्यंत पोचले. ज्या विश्वासाने आजोबांनी आपल्या घरची हकीगत एका पुरोहिताला दिली, तो विश्वास नातवाच्या काळी तिऱ्हाइताने पैसे मोजून घेतलेला असे. नातवाला हे बहुधा कळतही नसे. फेब्रुवारी 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप ही कंपनी सुमारे 1900 कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले, ऑगस्ट 2016 मध्ये दोहोंमध्ये वापरणाऱ्यांची काही माहिती वाटून घेण्याचे धोरण आले, आणि जानेवारी 2021 मध्ये ‘मान्य करा’ अशी सूचना भारतातील घराघरांतल्या मोबाईलवर झळकली, तेव्हा पुष्कळांना हा प्रकार अगदी नवा वाटला. त्या 2021 च्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड ठोठावला. वही हातोहात जाते, हा अनुभव मात्र जुनाच होता.

आपल्या पूर्वजांना गुप्ततेची जाण नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठेशाहीतील पत्रे पाहावीत. महत्त्वाच्या ठिकाणी लेखणी थांबते आणि बाकीचा तपशील पत्र नेणारा मुखजबानी सांगेल, एवढेच लिहिलेले असते. उज्जयिनी-इंदुराच्या पेढ्यांवर चालणारी शहाजोग हुंडी वाटेत चोराच्या हाती पडली तरी तिचे पैसे बाजारात पत असलेल्या गृहस्थासच मिळत. हुंडी हरवली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. सोय आणि सावधपणा एकाच कागदात बसविण्याची ही कला बँकांच्या आधीची आहे.

मग 1 जुलै 1879 रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. लिफाफ्याला अर्धा आणा पडे. अर्ध्या किमतीत पत्र जाऊ लागले, पण ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही वाचता येई. मराठी कुटुंबांनी या नव्या सोयीशी जो व्यवहार केला तो मोठा शहाणपणाचा होता. त्यांनी कार्ड नाकारले नाही आणि सर्व काही कार्डावर लिहिलेही नाही. खुशाली, पाऊसपाणी, पोचल्याची वर्दी कार्डावर. मुलीच्या सासरची कुरबूर, कर्जाची गोष्ट, आजाराचे खरे नाव बंद पाकिटात. आणि जे पाकिटातही लिहिता येत नाही ते समक्ष भेटीत. कोणत्या मजकुराला कोणते साधन, हे घरातल्या अल्पशिक्षित आजीलाही ठाऊक असे. मोबाईलच्या काळात गमावलेली वस्तू कोणती असेल, तर ती ही निवड होय. आज खुशाली आणि कर्ज, आजार आणि विवाह, सर्व एकाच दारातून जाते, कारण दार हाताशी आहे.

वहीच्या चार भिंती पहिल्याने पडल्या त्या सूक्ष्मपटाने. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ-संस्थेने 1977 पासून हरिद्वार आणि इतर काही क्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रे घेतली. कागद जपला गेला, यात संशय नाही; पुरात, वाळवीत गेलेल्या वह्यांची आठवण असणाऱ्याने या कामाला नावे ठेवू नयेत. परंतु जी वही पाहण्यासाठी गंगेवर जाऊन उपाध्यापुढे बसावे लागे, ती सातासमुद्रापलीकडे उपाध्यावाचून पाहता येऊ लागली.

कायद्याला या प्रश्नाकडे वळावयास फार वेळ लागला, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम मध्य प्रदेशातच आहे. पोलिसांनी एका इसमाच्या नावाची नोंदवही उघडून त्याच्या घरी रात्री-अपरात्री जाण्याचा परिपाठ ठेवला होता. त्याच्या, म्हणजे गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये खाजगीपणाचा हक्क असू शकेल, इथवर मजल मारली आणि नियम मात्र कायम ठेवले. पुढे आधारपत्राच्या वादातून नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले व 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्या निकालातील प्रमुख मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीतील 1976 च्या जबलपूर खटल्याचा जो निर्णय त्यांनी त्याच मतात त्याज्य ठरविला, त्याच्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घराण्याच्या इतिहासात अशी नोंद विरळाच.

आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आले आणि भाजीवालीच्या टोपलीवर चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी लागली. या सोयींना नाक मुरडणे हे पोट भरलेल्यांचे काम आहे. सुट्या पैशांसाठी ज्याचे गिऱ्हाईक परत जाई, त्याला विचारावे. प्रश्न सोय घ्यावी की नाही हा नसून, सोयीबरोबर काय दिले जाते, हा आहे. महाकालाच्या भस्मारतीसाठी घरबसल्या नाव नोंदविताना ओळखपत्र मागितले जाते. गर्दी आणि सुरक्षितता पाहता त्याचे कारण समजते. परंतु विजेरी लावण्याचे ॲप, किंवा पंचांग दाखविणारे ॲप, मोबाईलमधील सर्व नावे-क्रमांक मागू लागले तर त्याचे कारण समजत नाही. अनोळखी क्रमांकामागचे नाव सांगणारी सोयही अशाच गोळा झालेल्या नावांवर उभी राहू शकते. येथे थोरल्या भावाची गोष्ट पुन्हा घडते. ‘परवानगी द्या’ या बटणावर एकाचे बोट पडते आणि शेकडो माणसे वहीत चढतात: मुलीची मैत्रीण, डॉक्टर, दूधवाला, नवऱ्यापासून वेगळी राहणारी आणि पत्ता कोणास कळू न देणारी मावसबहीण. सिद्धवटाखाली कुळ सांगितल्याशिवाय पान उघडत नसे. या नव्या वहीत क्रमांकावरून माणूस, माणसावरून घर आणि घरावरून त्याची खरेदी निघते. म्हणून संपर्कयादीची परवानगी नाकारणे हा तऱ्हेवाईकपणा नव्हे. ती दुसऱ्याची ठेव आहे. दुकानात बिलासाठी मोबाईल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यालाही मे 2023 मध्ये सांगावे लागले. तरी गल्ल्यावर प्रश्न आला, की दहा आकडे तोंडातून आपोआप निघतात.

पैशाच्या बाबतीत तर किल्ली कोणापाशी आहे, यावर सारे अवलंबून असते. भैरवगढच्या कारागृहातील कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये काढले गेल्याचे प्रकरण मार्च 2023 मध्ये उघडकीस आले, तेव्हा ज्यांचे पैसे गेले त्यांनी स्वतः कोणतेही बटण दाबलेले नव्हते.

संसदेने ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. हा कायदा कागदावरच्या नोंदींना लागू नाही; कागदावरची माहिती पुढे संगणकीय रूपात आणली, तर लागू आहे. सिद्धवटाच्या घाटावर कापडात बांधलेली वही त्यामुळे कायद्याच्या बाहेर राहते. 2028 च्या सिंहस्थाला येणाऱ्या यजमानांसाठी एखाद्या पुरोहिताच्या नातवाने तिच्या पानांची छायाचित्रे काढून मोबाईलमध्ये ठेवली, की ती कायद्याच्या आत येईल. आणि तेव्हा पाच भावांना विचारावे लागेल.