भूगर्भभत्ता आणि करमाफी

27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि सुमारे 375 मजूर बुडाले. अशा खाणीत राबणाऱ्याच्या भूगर्भभत्त्यापैकी महिना 800 रुपयांपर्यंतची रक्कम 1961 च्या आयकर कायद्याखालील नियमांनी करमुक्त ठरविली. कारण काय दिले? प्रतिकूल, अनैसर्गिक हवामान! मरणाच्या धोक्याचा त्यात उल्लेख नाही. शिवाय करमाफी लाभते ती कर भरणाऱ्याला. ज्या कंत्राटी मजुराची कमाई करपात्रच नाही, त्याच्या पदरात काय पडले? 2020 साली आलेल्या नव्या करपद्धतीने तर तीही सवलत वगळली. म्हणून आम्ही म्हणतो, सवलत मिळेल ती घ्यावी. पण भक्कम छत, स्वच्छ हवा आणि पुरे वेतन यांवरचा हक्क तिच्या मोबदल्यात सोडू नये.