कोर्टाची पायरी आणि थॅलिडोमाइडची मुले

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी सामानाबरोबर इंग्लंडमध्ये आणली. ती पायरी चढल्यावाचून ज्यांना गत्यंतरच नव्हते, अशा इथल्या काही आईवडिलांची ही हकिगत.

एप्रिल १९५८ मध्ये ब्रिटनच्या बाजारात ‘डिस्टाव्हल’ नावाची झोपेची गोळी आली. औषध होते थॅलिडोमाइड. ते शोधले पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेनथाल कंपनीने. इथे ते विकत होती डिस्टिलर्स, म्हणजे जॉनी वॉकर व्हिस्कीची मालक कंपनी. गरोदर बायकांनाही ही गोळी निर्धोक आहे, असे जाहिरातीत म्हटले होते. डॉक्टर ती विश्वासाने लिहून देत. १९६१ च्या अखेरीस गोळी मागे घेतली गेली, तोवर हात-पाय नीट न वाढलेली शेकडो मुले इथे जन्मली होती.

पहिला दावा १९६२ मध्ये दाखल झाला. पण कायद्याची वाट बिकट होती. कंपनीचा निष्काळजीपणा पालकांनीच सिद्ध करायचा, आणि कंपनीची कागदपत्रे मात्र कंपनीच्या कपाटात. शिवाय पोटातल्या बाळाला झालेल्या इजेबद्दल पुढे त्या मुलाला दावा करता येतो का, हा प्रश्न इंग्लिश न्यायालयांत तोवर सुटलेलाच नव्हता. त्यातच दाव्याची मुदत तीन वर्षांची. कित्येक पालकांना आपल्या मुलाच्या व्यंगाचे कारण कळेपर्यंत ती संपून गेली होती.

१९६८ मध्ये बासष्ट मुलांच्या बाबतीत तडजोड झाली. निष्काळजीपणाचा आरोप मागे घ्यायचा आणि खटला जिंकल्यास जी भरपाई मिळाली असती, तिच्या चाळीस टक्के स्वीकारायची. हे कळल्यावर मागे राहिलेली कुटुंबे पुढे आली. मुदत उलटून गेल्यामुळे त्यांना आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागली.

१९७१ मध्ये कंपनीने उरलेल्या तीनशेहून अधिक मुलांसाठी मिळून साडेबत्तीस लाख पौंड देऊ केले. अट एकच : सर्व पालकांनी होकार द्यायचा. डेव्हिड मेसन या वडिलांनी आणि आणखी मोजक्या पालकांनी सही नाकारली. इतर कुटुंबे पैशांची वाट पाहत असताना नकार देणे सोपे नव्हते. मुलांच्या वतीने दावा चालवण्याचा त्यांचा अधिकारच काढून घ्यावा, असा अर्ज झाला. १९७२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने पालकांची बाजू उचलून धरली.

त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरल्ड इव्हान्स यांच्या ‘संडे टाइम्स’ने हा विषय घराघरांत नेला. पुढचा लेख न्यायालयाच्या मनाईहुकुमाने अडला. तो वाद युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये निकाल वृत्तपत्राच्या बाजूने लागला. पण त्याआधीच कंपनीचे भागधारकही अस्वस्थ झाले होते. १९७३ मध्ये सुमारे दोन कोटी पौंडांची तडजोड झाली आणि मुलांसाठी थॅलिडोमाइड ट्रस्ट उभा राहिला.

तेव्हापासून कायदा बदलला आहे. गर्भात झालेल्या इजेबद्दल मुलाला दावा करण्याचा हक्क १९७६ च्या कायद्याने स्पष्ट केला. औषध सदोष असेल, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मागता येते, ही सोय १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केली. तीन वर्षांची मुदत मात्र आजही आहे. ती साधारणपणे इजा आणि तिचे कारण कळल्यापासून मोजतात. लहान मुलांच्या बाबतीत अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. सदोष औषध बाजारात येऊन दहा वर्षे झाली, की १९८७ च्या कायद्याखालचा मार्ग बंद होतो.

म्हणून औषधाने अपाय झाल्याची शंका आली, तर ‘आपलं नशीब’ म्हणून गप्प बसू नये. गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. खोके, बॅच क्रमांक आणि तारखा जपून ठेवाव्यात. १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी सुरू झालेल्या ‘यलो कार्ड’ योजनेत आता रुग्णही थेट नोंद करू शकतो. मात्र त्या नोंदीने दावा दाखल होत नाही. त्यासाठी सॉलिसिटर गाठावा लागतो, आणि तोही मुदतीच्या आत. आईवडिलांना इंग्रजी कागदपत्रांचे दडपण येत असेल, तर इथे वाढलेल्या मुलांनी त्यांच्यासोबत जावे. सल्ला विचारला म्हणजे भांडण उकरून काढले असे होत नाही.