ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक मार्ग

ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक मार्ग : उत्तर अमेरिकेच्या मुख्य जलविभाजकाला धरून कॅनडातून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा, बहुतांशी कच्च्या रस्त्यांचा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील बॅन्फपासून अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अँटेलोप वेल्सपर्यंतचा सुमारे ४,४०० किमी.चा पल्ला रूढ आहे. २०१८ मध्ये उत्तरेचे टोक जॅस्परपर्यंत नेल्यावर एकूण लांबी सुमारे ४,९०० किमी. झाली. आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया हे दोन कॅनेडियन प्रांत, तसेच माँटॅना, आयडाहो, वायोमिंग, कोलोराडो आणि न्यू मेक्सिको ही पाच अमेरिकन राज्ये त्यावर लागतात. मार्ग जलविभाजक सुमारे ३० वेळा ओलांडतो. त्याचे सर्वांत उंच ठिकाण म्हणजे कोलोराडोतील इंडियाना खिंड (सुमारे ३,६३० मी.).

तंबू, अंथरूण, शिधा आणि अवजारे सायकलवरच बांधून, रानातल्या आणि कच्च्या वाटांनी मुक्काम करत जाण्याला बाइकपॅकिंग म्हणतात. या प्रकारातला हा जगातील सर्वाधिक परिचित मार्गांपैकी एक. पूर्ण मार्ग फिरतीच्या वेगाने करणाऱ्यांना साधारण सहा ते दहा आठवडे लागतात. नवख्यांची बहुतेक तयारी सायकल आणि पिशव्या निवडण्यात खर्ची पडते. या मार्गावर मात्र माणसाला परत फिरवतात ते पाणी, शिधा आणि चुकलेली तारीख. चांगली आखणी या तीन गोष्टींपासून सुरू होते; सायकलचा विचार नंतरचा.

पूर्वपीठिका : मार्गाची आखणी अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन या संस्थेने केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७६ मध्ये ‘बाइकसेंटेनियल’ या नावाने तिने हजारो सायकलस्वारांना देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत डांबरी रस्त्यांनी नेले होते. माउंटन बाइकचा प्रसार झाल्यावर कच्च्या रस्त्यांचाही असा सलग मार्ग असावा, ही कल्पना पुढे आली. मायकेल मॅकॉय यांनी १९९० च्या दशकात वनखात्याचे रस्ते, जुने खाणरस्ते, गुराख्यांच्या वाटा आणि उखडलेल्या रेल्वेमार्गांचे पट्टे जोडून तो नकाशावर उतरवला.

संस्थेचे मुख्यालय माँटॅनातील मिझुला येथे आहे. याच गावच्या फोर्ट मिझुला छावणीत १८९६ मध्ये लेफ्टनंट जेम्स मॉस यांनी २५व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांची सायकल तुकडी उभी केली. आधी यलोस्टोनची फेरी झाली. मग १४ जून १८९७ रोजी वीस सैनिक मिझुलाहून निघाले आणि २४ जुलैला सेंट लुईसला पोहोचले. अंतर सुमारे ३,०६० किमी. ब्लँकेटची वळकटी हँडलला बांधलेली आणि सामानाची पेटी सायकलच्या चौकटीत बसवलेली, अशी त्यांची व्यवस्था होती. आज दुकानात मिळणाऱ्या हँडल-पिशवीची आणि फ्रेम-पिशवीची जागा त्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच हेरली होती. नेब्रास्कातील वाळूने आणि खारट पाण्याने या तुकडीचे फार हाल केले. या इतिहासाची आठवण सायकलजगतातही बरीच उशिरा झाली.

मार्ग कच्च्या रस्त्यांचाच का : जलविभाजकाच्या कण्यावरून पायवाटेने जाणारा काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल हा पायी चालणाऱ्यांचा वेगळा राष्ट्रीय मार्ग आहे, त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. तो अनेक ठिकाणी १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निखळ अरण्यक्षेत्रांतून जातो. तेथे यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि सायकल त्या बंदीत मोडते. त्यामुळे सायकलमार्ग या अरण्यांना वळसे घालत राष्ट्रीय वने आणि केंद्र शासनाच्या खुल्या कुरणजमिनी यांमधील रस्त्यांनी फिरतो. याचा एक मोठा फायदा असा, की अशा सार्वजनिक जमिनीवर नेमून दिलेल्या तळाबाहेरही बहुतेक ठिकाणी विनाशुल्क तंबू ठोकता येतो. सामान्यतः एका जागी १४ दिवसांपर्यंत. राष्ट्रीय उद्यानांत ही मुभा नाही, आणि मार्गाला लागून असलेल्या खासगी कुरणांत तर मुळीच नाही. आपल्याकडच्या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामाचा विचारही करता येत नाही. त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला ही मोकळीक प्रथम खरी वाटत नाही. पण हद्द कोठे बदलते हे नकाशावर रोज संध्याकाळी पाहावेच लागते.

ऋतू आणि दिशा : उत्तरेकडील खिंडींतला बर्फ जूनच्या मध्यापर्यंत, काही वर्षी त्यानंतरही टिकतो. दक्षिणेत न्यू मेक्सिकोमध्ये जुलै-ऑगस्टला वळवासारखा गडगडाटी पाऊस येतो. उत्तरेत लवकर निघावे तर बर्फ आडवा येतो आणि उशीर केला तर पुढे कोलोराडोच्या उंचीवर पुन्हा थंडी गाठते. म्हणून बहुतेक जण जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत बॅन्फहून दक्षिणेकडे निघतात आणि सप्टेंबरमध्ये वाळवंटात उतरतात. या दिशेने गेल्यास उंचीची सवयही हळूहळू होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांमुळे रस्ते बंद होतात. त्यासाठी राखीव दिवस हवेत आणि वळणमार्गांची ताजी माहिती दर गावी घ्यावी.

कोलोराडोत उन्हाळ्यातल्या दुपारी विजा कोसळतात, त्यामुळे उंच खिंडी दुपारच्या आत ओलांडून झाडीत उतरणे हाच शहाणपणा. डेल नॉर्टे गावाहून इंडियाना खिंडीचा चढ सुमारे ३८ किमी. लांब आणि १,२०० मीटरहून अधिक आहे. तो सुरू होतो त्या गावाची उंचीच आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे मीटर अधिक. विरळ हवेत भरलेल्या सायकलने असा चढ चढायला अर्धा दिवस सहज जातो, हे गृहीत धरून पहाटे निघावे.

रोजचे अंतर : आखणीतली सर्वांत मोठी चूक येथे होते. डांबरी रस्त्यावर दिवसाला शंभर-सव्वाशे किमी. करणारे लोक तोच आकडा येथे लावतात. भरलेली सायकल, मोकळी खडी, सततचा चढ-उतार आणि पाणी गाळून भरण्यात जाणारा वेळ पाहता रोजचे ५० ते ८० किमी. हे प्रामाणिक गणित. मालवाहू गाड्यांमुळे पन्हाळी पत्र्यासारखे झालेले रस्ते तासनतास हात बधिर करतात. आयडाहोतील जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावर ज्वालामुखीजन्य वाळूत चाके रुततात. उलट कोलोराडोत ब्रेकेनरिजजवळची बोरियास खिंड रेल्वेच्या सौम्य चढाने जाते, त्यामुळे ३,५०० मी. उंचीच्या मानाने ती सोपी. म्हणजे नुसत्या उंचीवरून दिवस ठरत नाही.

या मार्गावर २००८ पासून दरवर्षी जूनमध्ये बॅन्फहून ‘टूर डिव्हाइड’ ही स्वावलंबी शर्यत निघते. तिला प्रवेश शुल्क नाही आणि बक्षीसही नाही. ब्रिटिश सायकलस्वार माइक हॉल यांनी २०१६ मध्ये १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत ती पूर्ण केली. तो विक्रम २०२४ पर्यंत टिकला. शर्यतीतले लोक किती कमी सामान नेतात हे पाहून फिरतीच्या प्रवाशाने आपल्या पिशव्या हलक्या करू नयेत. ते झोप विकून वेग घेतात.

पाणी : वायोमिंगमध्ये जलविभाजक दुभंगतो आणि मध्ये ग्रेट डिव्हाइड खोरे राहते. येथे पडलेले पाणी अटलांटिकलाही जात नाही आणि पॅसिफिकलाही. ते जमिनीत मुरते किंवा उडून जाते. अटलांटिक सिटी ते रॉलिन्स हा सुमारे २१० किमी.चा टप्पा या खोऱ्यातून जातो. सावली नाही, वारा सततचा, आणि भरवशाचे पाणवठे मोजकेच. येथे माणशी सहा ते दहा लिटर पाणी वाहण्याची सोय हवी. एवढ्या वजनासाठी पुढच्या चिमट्यावर जास्तीच्या बाटल्यांची जागा निघण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.

इतरत्र ओढे मिळतात. पण गुरांच्या वावरामुळे ते गाळल्याशिवाय पिणे म्हणजे जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीला निमंत्रण. गाळणीलाही मर्यादा आहे. इंडियाना खिंडीपलीकडे समिटव्हिल येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी सोडून दिलेली सोन्याची खाण आहे. तिच्या आम्लयुक्त, धातुमिश्रित निचऱ्याने खालचे ओढे दूषित झाले. जंतू अडवणारी प्रवासी गाळणी विरघळलेले धातू अडवत नाही. या पट्ट्यात ओढ्याचे पाणी घ्यायचेच नाही, असे ठरवून त्याआधीच बाटल्या भरून घ्याव्यात.

शिधा : न्यू मेक्सिकोत पाय टाउन ते सिल्व्हर सिटी हे अंतर सुमारे ३०० किमी. असून वाटेत नीट दुकान नाही. म्हणजे चार ते पाच दिवसांचे खाणे सोबत. लहान गावांतले दुकान म्हणजे अनेकदा पेट्रोलपंपाचा कोपरा असतो. शाकाहारी माणसाला तेथे शेंगदाण्याचे लोणी, मैद्याच्या पोळ्या आणि चीज यांवर दिवस काढावे लागतात. त्यामुळे डाळ-तांदळाचे कोरडे मिश्रण, पोहे, मेतकूट असे सामान पोस्टाने पुढे पाठवणे सोयीचे. पाकिटावर स्वतःचे नाव, ‘जनरल डिलिव्हरी’ आणि गावाचे नाव लिहिल्यास टपाल कार्यालय ते काही काळ राखून ठेवते. मात्र खेड्यातले टपाल शनिवार-रविवारी बंद असू शकते, हे लक्षात न घेतल्यास दोन दिवस तिथेच बसावे लागते. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. ते आणि अस्वलरोधक फवारा तेथे उतरल्यावरच विकत घ्यावेत.

अस्वले : कॅनडा, माँटॅना आणि वायोमिंगच्या उत्तर भागात ग्रिझ्ली अस्वलांचा वावर आहे. मार्गावरील ओव्हांडो या लहान गावात जुलै २०२१ मध्ये तंबूत झोपलेल्या एका सायकलस्वार महिलेचा ग्रिझ्लीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. गावात आहोत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे त्यातून उघड झाले. स्वयंपाक, जेवण आणि शिध्याची साठवण तंबूपासून साधारण ९० मी. दूर ठेवतात. टूथपेस्ट, साबण, मलम हेही शिध्यातच मोजावे. शिधा ठेवायची लोखंडी पेटी नसेल तेथे पिशवी दोराने सुमारे तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगतात. त्यासाठी पुरेसा दोर हवाच. फवारा पिशवीच्या तळाशी ठेवण्यात अर्थ नाही. तो हँडलजवळ, हात पोहोचेल असा असावा. आंधळ्या वळणांवर मोठ्याने बोलत किंवा गात जावे.

सायकल : पुढे शॉक असलेली किंवा साधी ताठ चिमट्याची माउंटन बाइक पुरते. सव्वादोन इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि अतिशय हलके गिअर ही खरी गरज. सुरुवातीच्या काळात बरेच जण एकचाकी ट्रेलर ओढत असत. आता चौकटीतल्या, सीटखालच्या आणि हँडलवरच्या पिशव्या रूढ आहेत. हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट सुटतात, हेही त्याचे एक कारण. सुट्या भागांत डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) चौकटीला जोडणारा हँगर सर्वांत महत्त्वाचा. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि रानातल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्याखेरीज साखळीची जोडकडी, ब्रेकपॅड, दोन-चार आरे, टायरला ठिगळ, सीलंट आणि एक ट्यूब एवढे पुरते. मोबाइलला बहुतेक वाटेत रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र नेतात. कागदी नकाशेही सोबत असावेत, कारण बॅटरी थंडीत लवकर उतरते.

चिखलावर मात्र कोणतेही यंत्र चालत नाही. न्यू मेक्सिको आणि माँटॅनाच्या काही भागांतली चिकणमाती ओली झाली की चाक आणि चौकट यांच्यात भरते. चाक फिरायचेच थांबते. ढकलत नेल्यास डिरेलर मोडतो. पाऊस लागला की थांबावे आणि ऊन पडून काही तास जाऊ द्यावेत. माती सुकली की तोच रस्ता पुन्हा चालू लागतो. आखणीत एक-दोन दिवस केवळ यासाठी मोकळे ठेवणाऱ्यालाच ही सबुरी परवडते.

परदेशी प्रवाशांसाठी : भारतीय पारपत्रधारकाला कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात, कारण रूजव्हिल येथे सीमा ओलांडावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि दोन-तीन आठवड्यांचीच रजा असलेल्या मराठी सायकलस्वारांनी पूर्ण मार्गाचा हट्ट न धरता एखादा सलग तुकडा निवडावा. माँटॅनातील व्हाइटफिश ते हेलेना किंवा कोलोराडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज ते सलायडा हे दोन तुकडे पाणी, गावे आणि निसर्ग या तिन्ही दृष्टींनी नवख्याला योग्य आहेत. वायोमिंगचे खोरे पहिल्या खेपेला घेऊ नये. पूर्ण मार्ग करणाऱ्याने परतीची गाडी आधीच ठरवावी : हचिता गावापासून अँटेलोप वेल्सपर्यंतचे शेवटचे सुमारे ७२ किमी. डांबरी रस्त्याचे आहेत. टोकाला सीमाचौकी आहे, पण दुकान, मुक्कामाची सोय किंवा बस नाही.