शोक आणि साधना
१२ मार्च १९११ रोजी कन्येचे निधन झालेले असतानाही बालगंधर्वांनी ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगात भामिनी साकारली. कॅनडातील ‘रश’ या रॉक बँडचे ड्रमवादक, गीतकार व लेखक नील पिअर्ट (१९५२-२०२०) यांनी मात्र अशाच आघातानंतर वादन थांबविले. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांची एकोणीस वर्षांची कन्या मोटार अपघातात दगावली. दहा महिन्यांनी पत्नीही कर्करोगाने गेली. सहकाऱ्यांचा निरोप घेऊन पिअर्ट मोटारसायकलवरून सुमारे ८८ हजार किलोमीटर एकटेच भटकले. त्या भ्रमंतीवरील ‘घोस्ट रायडर’ हे पुस्तक आणि बँडचा पुनरागमनाचा ‘व्हेपर ट्रेल्स’ हा अल्बम, दोन्ही २००२ मध्ये आले. त्यानंतर २०१५ पर्यंत ते रंगमंचावर वाजवीत राहिले.