उंबरठा आणि चाकाची खुर्ची

डिंडोलीत आणि उधना-लिंबायतच्या परिसरात खानदेशातून आलेल्या आपल्या कुटुंबांनी जी घरे बांधली, त्यांचा आराखडा कोणा वास्तुविशारदाने काढला नव्हता. प्लॉट अरुंद, पैसा थोडा आणि पावसाळ्याच्या पाण्याची धास्ती, एवढ्यावरून तो ठरला. म्हणून जोते उंच, ओट्याला चार पायऱ्या, जिना उभा आणि जिन्याखाली जेमतेम मावणारा संडास. ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या, मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या तरण्या माणसांची ती घरे होती. ज्याला उचलूनच हलवावे लागेल असा माणूस एक दिवस याच घरात राहील, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही, आमच्याही नाही.

पुढे आमच्या गल्लीतील एका शेजाऱ्यांना पक्षाघात झाला. मुलांनी हौसेने चाकाची खुर्ची आणली. ती मोरीच्या दारातून आत जाईना आणि ओट्याच्या पायऱ्या उतरेना. शेवटी ती वाळलेले कपडे टाकण्याच्या कामी आली.

अशा माणसाचे घर कसे असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात ठळकपणे पुढे आला तो युद्धामुळे. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुढे काय, या चिंतेतून १९७४ साली पुण्याजवळ खडकी येथे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. सैनिकांसाठी सैन्य उभे राहिले. मागावरच्या कामगारासाठी कोण? कोल्हापुरात याचे एक उत्तर नसीमा हुरजूक यांनी दिले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या बाईंनी अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘घरौंदा’ हे वसतिगृह बांधविले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ज्याला अडचण ठाऊक आहे, त्याच्याच हाती आराखडा असला म्हणजे काय घडते, याचा तो दाखला आहे.

तरीही वसतिगृह म्हणजे घर नव्हे. स्वीडनमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या ‘फोकस’ संस्थेने वेगळी वाट धरली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले डॉ. स्वेन-उलोफ ब्रातगोर्ड तिचे प्रवर्तक. त्यांनी सामान्य इमारतींतच, चारचौघांच्या शेजारी, सोयीचे फ्लॅट तयार करविले आणि हाकेसरशी येणारे मदतनीस ठेवले. कालांतराने रहिवाशांनीच तक्रार केली, की मदत फ्लॅटला बांधलेली आहे. घर सोडले की मदतही सुटते. १९९४ च्या कायद्याने तेथे मदतनिसाचा हक्क घराला नव्हे, माणसाला मिळाला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम आहे, आणि घरवाटपाच्या सरकारी योजनांत पाच टक्के आरक्षणही. पण आपली घरे योजनेतील नव्हेत, आपणच बांधलेली आहेत. तेव्हा हिशेब आपणच मांडावा लागेल. एक फूट चढण्यास बारा फूट उतार, हे सर्वमान्य प्रमाण. अडीच फूट जोत्यास तीस फूट उतार लागतो. पंधरा फुटी दर्शनी बाजूस तो वळवून घेतल्याखेरीज बसत नाही, आणि घर बांधून झाल्यावर तर मुळीच नाही. दार तीन फूट, खुर्ची वळण्यास पाच फूट मोकळी जागा. सध्या डिंडोलीत जुनी घरे पाडून त्यावर दोन-तीन मजले चढत आहेत, तळमजला भाड्याने आणि म्हातारी वर, अशी वाटणी होत आहे. ती उलटी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दार रुंद करणे गवंड्याचे काम, ते दोन दिवसांत होते. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीस जखमा होतात. ते काम आजवर घरातील सुनेने, बायकोने रात्री उठून केले आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या पत्नीने ते नऊ वर्षे केले. त्यांना एका रात्रीची सुटी मिळावी म्हणून गल्लीत पाळी लावावी, हे मात्र आम्हांस त्या वेळी सुचले नाही.