महालक्ष्म्यांपुढची आगगाडी

परळी वैजनाथचे रेल्वेस्थानक बीड जिल्ह्यातच आहे. तरीही बीडचा माणूस कित्येक वर्षे ‘आमच्याकडे रेल्वे नाही’ असेच सांगत आला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जिल्ह्याच्या गावी गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ साली. त्या वर्षी जन्मलेले मूल पहिली गाडी बघायला गेले तेव्हा तिशीचे झाले होते.

या गाडीबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका गाडीबद्दल. ती अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या काही घरांत खऱ्या गाडीच्या फार आधी आली. वर्षातून तीन दिवस महालक्ष्म्यांपुढे गोल फिरायची आणि विसर्जनानंतर पेटाऱ्यात जायची. मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढे खेळणी मांडण्याची हौस मोठी. मातीचे बैल, वाण्याचे दुकान, विहिरीवरच्या बायका आणि या सगळ्यांच्या भोवती पत्र्याच्या रुळांवरून धावणारी चावीची आगगाडी. जी माणसे आयुष्यात दोन-चारदाच रेल्वेत बसली, त्यांच्या घरातल्या देवीपुढे रेल्वे धावत होती, याची गंमत मला फार उशिरा कळली.

ही गाडी मिळायची कुठे? परदेशात याचे उत्तर सोपे आहे. जर्मनीत मेर्कलिन कंपनीने १८९१च्या लाइपझिग जत्रेत ठरावीक मापाचे रूळ मांडले आणि खेळण्यातल्या रेल्वेला पहिल्यांदा शिस्त आली. एका घरचे रूळ दुसऱ्या घरच्या रुळांना जोडता येऊ लागले, म्हणजेच सुटे भाग विकणारे दुकान शक्य झाले. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी लंडनच्या हाय हॉलबर्नवर दुकान थाटले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० साली चावीच्या गाड्या बाजारात आणल्या. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कावन यांची कथा तर दुकानदारांनी पाठ करावी अशी आहे. त्यांनी १९०१च्या सुमारास विजेवर चालणारा एक उघडा डबा केला, तो दुकानाच्या काचेमागे माल फिरवून दाखवण्यासाठी. असे सांगतात, की गिऱ्हाईक आत येऊन त्या मालाऐवजी डबाच मागू लागले.

या देशांत छंदाची दुकाने ही एक संस्थाच बनली. दुकानदार गिऱ्हाइकाला माल विकेच, शिवाय त्याचा बिघडलेला इंजिनाचा चाकजोड दुरुस्त करी, कोणत्या गावच्या स्थानकाचा रंग कसा होता यावर वाद घाली आणि शाळकरी पोराला उधारीवर एखादा डबा देई.

आपल्याकडे ही संस्था उभी राहिली नाही. गरिबी हे कारण आहेच, पण तेवढेच नाही. बीड जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि पुढच्याच वर्षी परकीय चलनाच्या तुटवड्याने देशाला घेरले. आयातीवर कडक बंधने आली आणि खेळण्यासारख्या चैनीच्या वस्तूंचा दरवाजा जवळपास बंद झाला. आयातीवरची उरलीसुरली संख्येची बंधने उठायला १ एप्रिल २००१ उजाडला. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत परदेशी बनावटीची रेल्वे कुणाच्या घरी असली तर ती नातेवाइकाच्या बॅगेतून आलेली. बाकीच्यांसाठी देशी पत्र्याची गाडी, तीही कटलरीच्या दुकानात बांगड्या आणि रिबिनींच्या शेजारी. सुटा रूळ मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत बसे.

म्हणून आमच्या भागात छंदाच्या दुकानदाराचे काम कुणी केले असेल तर ते घड्याळजीने. चावीची गाडी म्हणजे चाके लावलेले घड्याळच. स्प्रिंग, दातेरी चक्रे आणि वेग आवरणारा एखादा पंखा. अंबाजोगाईच्या बाजारात आमच्या घरची गाडी ज्यांच्याकडे दुरुस्तीला गेली, त्या घड्याळजीकाकांनी जुन्या गजराच्या घड्याळातली स्प्रिंग कापून तिला बसवली. गाडी लगेच तयार झाली, पण त्यांनी ती आठ दिवस ठेवून घेतली. वडिलांनी विचारले तर म्हणाले, “राहू द्या हो मास्तर, लोक थांबून बघतात.” ती त्यांच्या काचेच्या कपाटात घड्याळांच्या मधून फिरत होती. कावनचे नाव त्यांनी ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता.

खऱ्या अर्थाने या छंदाला मराठी घर मिळाले ते पुण्यात. कोथरूडच्या जी. ए. कुलकर्णी पथावर, सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या आपल्या कारखान्याच्या जागेतच बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी लहान रेल्वेंचे संग्रहालय सुरू केले. त्याआधी प्रदर्शनांतून ते आपले छोटे शहर मांडत आले होते. दिवे मंद होतात, निवेदन सुरू होते आणि सिग्नल, पूल, सर्कशीचा तंबू यांच्यामधून गाड्या धावू लागतात. मला तिथे सर्वांत महत्त्वाची वाटते ती वरखालची शेजारीण: मोजमापाची उपकरणे करणारा कारखाना आणि खेळण्यांचे शहर. ज्याच्या हाताशी लेथ आहे, त्याला आयातबंदी निम्मीच अडवू शकते. घड्याळजीकाका आणि भाऊ जोशी यांच्यात साधनांचे अंतर खूप, पण जात एकच; तयार माल मिळत नाही म्हणून न थांबणारी.

त्या शहराचा चेहरा मात्र बराचसा युरोपीय आहे. याबद्दल नाक मुरडणारे मला भेटले आहेत; त्यांनी थोडा हिशेब करावा. जगात सर्वाधिक चालणारे माप एचओ, म्हणजे मूळच्या १/८७, आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. ते युरोपच्या रेल्वेवर बेतलेले. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे परळीहून सुटणारी गाडी त्या प्रमाणात करायची, तर बाजारातले रूळ जवळपास तीन मिलिमीटरने अरुंद पडतात. एक तर हे डोळेझाक करायचे, नाही तर प्रत्येक रूळ आणि चाकजोड स्वतः घडवायचा. मीटरगेजचे उत्तर साडेअकरा येते, तिच्यासाठी बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात. ते चालून जाते.

आणि आता मौज पाहा. बीडच्या दक्षिणेला, लातूरपर्यंत येणारी एक गाडी अशी होती, की जिचे गणित जवळपास अचूक बसते. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती १८९७ साली बार्शीपर्यंत आणली, १९११ साली ती लातूरला पोचली, १९२७ साली मिरजेला. अंबाजोगाईकडच्या कित्येकांचा पंढरपूरचा रस्ता तिच्यावरून गेला. तिची रुंदी ७६२ मिलिमीटर. ८७ने भागा, ८.८ येतात. बाजारात सर्वत्र मिळणारे एन मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे आहेत. ज्या गाडीला घरच्या माणसांनी ‘चालत गेलं तर आधी पोचाल’ म्हणून हसण्यावारी नेले, तीच तयार रुळांवर सर्वांत प्रामाणिकपणे उभी राहते.

इंग्लंडमध्ये या कॅलथ्रॉपना छोट्या रेल्वेचे छंदिष्ट चांगले ओळखतात. बार्शीचा अनुभव घेऊन त्यांनी स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची रेल्वे १९०४ साली उभी केली. लीड्सच्या किट्सन कारखान्यात घडलेल्या तिच्या इंजिनांवर भारतातल्यासारखे मोठाले दिवे होते. ती अवघी तीस वर्षे चालून १९३४ साली बंद पडली, पण तिच्या प्रतिकृती तिथले लोक अजून घरोघर करतात. आपली बार्शी लाइट १९५४ साली सरकारने घेतली आणि त्यानंतरही अर्धशतकाहून जास्त धावली. तिची प्रतिकृती मी आमच्या भागातल्या एकाही घरात पाहिलेली नाही. ज्यांनी तिच्या डब्यात दशम्या सोडल्या, त्यांच्या नातवंडांनी ती कागदावर तरी काढावी, असे मला फार वाटते. त्यासाठी परदेशी सामान लागत नाही. काड्यापेट्यांचे डबे आणि दोऱ्याची रिकामी रिळे यांवर आमच्या पिढीने याहून लांब गाड्या चालवल्या आहेत.

घड्याळजीकाकांचे दुकान आता नाही. त्या जागी मोबाइलची कव्हरे मिळतात. आमची पत्र्याची गाडी पेटाऱ्यात आहे, चावी हरवली आहे. २०२५च्या महालक्ष्म्यांपुढे फिरली ती बॅटरीवरची प्लास्टिकची गाडी. माझ्या नातवाने तिच्या इंजिनावर वहीच्या कागदाची पट्टी चिकटवून ‘बीड–अहिल्यानगर’ असे लिहिले होते. विसर्जन २ सप्टेंबरला झाले. खरी गाडी सुटायला अजून पंधरा दिवस होते.