बिदरच्या वाटेवरची गाणी

दामाजीपंतांची गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात, पण आमच्या भालकी तालुक्यात ती सांगायची तऱ्हा निराळी. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजींनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, एवढं आज्जा भराभर उरकायचा. मग विठ्ठल विठू महार होऊन मोहरांची थैली घेऊन बिदरला निघाला, की त्याचा आवाज चढायचा. बिदर म्हणजे आमचं जिल्ह्याचं गाव, कोर्टकचेरीचं. देव तिथं येऊन रक्कम भरून पावती घेऊन गेला, याचा त्याला केवढा अभिमान!

1970 साली याच कथेवर ‘झाला महार पंढरीनाथ’ हा चित्रपट आला. त्यातल्या एका गाण्यात माडगूळकरांनी विठ्ठलाला कानडा म्हणून गौरवलं, सुधीर फडक्यांनी चाल दिली आणि त्यांच्या जोडीला गायले वसंतराव देशपांडे. आमच्या भजनी मंडळांनी ते असं काही उचललं की ते सिनेमातलं आहे, हे आज कित्येकांच्या गावीही नाही.

आज्जाचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. त्याची भजनाची वही मी अजून जपून ठेवली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेला तेलकट बोटांचे डाग. पहिल्या पानांवर नामदेव-तुकोबांचे अभंग, पुढं कडकोळच्या मडिवाळप्पांची तत्त्वपदं. ती कानडी, पण लिहिलेली देवनागरीत. कानडीतला ऱ्हस्व ‘ए’ देवनागरीत लिहिता येईना, तेव्हा आज्जानं मात्रेशेजारी एक बारीक टिंब द्यायची युक्ती काढली. पानापानांवर ती टिंबं आहेत. मागच्या बाजूला मोहरमात अलाव्याच्या आगीभोवती फेर धरताना म्हणायच्या रिवायती. मधे माणिकप्रभूंची पदं. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या या सत्पुरुषानं (1817–1865) मराठीत रचलं, कानडीत रचलं, उर्दूतही रचलं. तिथल्या दत्तजयंतीला मोठमोठे गवई हजेरी लावत आले. आज्जा दरवर्षी जायचा आणि येताना एखादी नवी चाल घेऊन यायचा.

वडील सांगतात ते रेडिओचं. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गावात बॅटरीवरचा एकच रेडिओ, माळीपाटलांच्या वाड्यात. गाणं कमी, खरखर जास्त, तरी माणसं ओसरीवर दाटीनं बसायची. छप्पन्न गीतांचं ते रामायण वर्षभर चाललं. ते संपलं आणि त्याच साली, 1 नोव्हेंबर 1956 ला, हैदराबाद राज्य मोडलं. बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. आजीचं माहेर उदगीरकडचं. तिच्या जात्यावरच्या ओवीत भाऊराया पूर्वी नुसता ओढा ओलांडून यायचा. पुढं त्याच ओवीत वाटेवर नाका आला, शिपाई आला. राज्यपुनर्रचनेवर मी पुष्कळ वाचलं, पण तिचं दुखणं मला त्या ओवीत जेवढं कळलं तेवढं एकाही पुस्तकात कळलं नाही.

माझ्या लहानपणी कॅसेट आल्या. जत्रेत एका टोकाला कानडी सिनेमातले राजकुमार वाजायचे, दुसऱ्या टोकाला मंगळवेढ्याच्या मातीतले प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाली, सगळं त्या एका गळ्यात. बौद्धवाड्यातही तेच आणि वेशीतल्या देवळातही तेच. गावानं ज्यांना वेगळं बसवलं, त्यांच्यातल्याच एकाच्या आवाजात देवळाची काकडआरती होऊ लागली, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट.

आताची पोरं डीजेवर नाचतात. कानडी, मराठी, हिंदी अशी मिसळ चालते. जुनी माणसं नाक मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. आज्जाच्या वहीत तरी दुसरं काय होतं? जिवाला लागतं ते वेगळंच. सिनेमाचं गाणं कुठं जात नाही, ते मोबाईलवर कधीही सापडतं. बुडतंय ते कधीच कुठं न नोंदलेलं. गिरणी आली, जातं अंगणात पालथं पडलं, ओव्या आजीबरोबर गेल्या. तिच्या शेकड्यांनी ओव्या असतील. मला तुटक चार-दोन येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. आमच्या पट्ट्यातलं ते काम आम्हीच अंगावर घ्यायला हवं.

म्हणून औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या वाचकांना हात जोडून सांगणं आहे. घरात सत्तरीपुढची बाई असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर तिच्यापुढं मोबाईल ठेवा आणि तिला गाऊ द्या. मधेच कानडी आली, दखनी आली, तर थांबवू नका. तिचं गाव, तिचं माहेर आणि गाणं कुणाकडून शिकली, एवढं खाली लिहून ठेवा.